हिरीबाईच्या वावरातलं गिरमिट

मी एक जुनं गिरमिट आहे, मित्रांनो. सुताराचं नव्हे, मातीचं. सुताराचं गिरमिट लाकडाला भोक पाडतं, त्या भोकात खिळा नाहीतर खुंटी बसते आणि खाट तयार होते. त्याच्या कामाचं काहीतरी होतं. मी जमिनीला भोक पाडून माती बाहेर काढायचो. त्या मातीचं पुढं काय झालं हे मला कळलं नाही, आणि ज्यांच्या वावरातून मी ती काढली त्यांनाही कोणी येऊन सांगितलं नाही.

सध्या माझा मुक्काम मानोऱ्याजवळच्या एका तांड्यापाशी आहे. नाल्याकाठच्या वावराच्या कडेला मी अर्धा जमिनीत रुतून उभा आहे आणि माझ्या मुठीला एक शेळी बांधलेली असते. ती दिवसभर माझ्याभोवती फिरते, दोरी गुंडाळून घेते आणि मग माझ्यावरच ओरडते. तिला मी आवडत नाही. खरं सांगायचं तर मलाही ती फारशी आवडत नाही, पण सोबत म्हणून तेवढीच आहे.

माझा जन्म वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावचा. वाशीमच्या रस्त्याला गुलाम नबी यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथं एके दिवशी ऋषिकेश सर आले. ते एका संस्थेत मातीचा अभ्यास करायचे. त्यांच्या हातात परदेशी बनावटीचं एक चकचकीत गिरमिट होतं आणि त्याचं टोक वाकलेलं होतं. गुलाम नबींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि हसत म्हणाले, "साहब, ये खिलौना कायले आणलं? हमारी काली मिट्टी उन्हाळ्यात दगड, पावसाळ्यात गोंद. इसको ट्रक के पाटे का लोहा होना."

मग त्यांनी ट्रकच्या स्प्रिंगचा एक तुटलेला पाटा तापवला, पीळ दिला, धार काढली आणि जुन्या हातपंपाच्या नळीला तो जोडला. वर आडवी मूठ बसवली. सरांनी सांगितलं तिथं नळीवर छिन्नीनं दोन खुणा केल्या. एक वरच्या थराची, एक खालच्या थराची. काम करता करता त्यांनी विचारलं, "इससे निकलता क्या? सोना-बिना?"

सरांनी त्यांना समजावलं, तेच मी तुम्हाला सांगतो. पालापाचोळा, मुळं, शेण, मळणीनंतर उरलेलं कुटार असं काहीबाही जमिनीत कुजलं की त्यातला कर्ब मातीत राहतो. त्या कर्बामुळं माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, पिकाला पोसते. थंड मुलखात तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या उष्ण मुलखात त्याचं नशीब खोटं. ऊन त्याला खातं. नांगर खालची माती वर आणून उन्हाला आणखी वाढून देतो. आणि उरलंसुरलं आपण काडी लावून पेटवतो. तर कोण कसं शेत करतं त्यानं हा कर्ब किती वाढतो आणि किती घटतो, ते सरांना मोजायचं होतं. आधी एकदा माती काढायची, काही वर्षं जाऊ द्यायची, मग त्याच वावरात पुन्हा काढायची आणि दोन्हींत काय फरक पडला ते पाहायचं.

"मतलब सड़ा हुआ कुटार मोजते तुमी!" गुलाम नबी म्हणाले आणि पोट धरून हसले. पण माझी धार त्यांनी पुन्हा एकदा तपासली. चांगला कारागीर होता. त्यांनी दिलेला पीळ आजही सुटलेला नाही.

सुरुवातीची वर्षं माझी मजेत गेली. मानोरा, इंझोरी, मालेगाव, कुठं कुठं फिरलो. सरांबरोबर वैभवी नावाची एक मुलगी असायची. ती मूळची इंझोरीची, शिकून संस्थेत लागलेली. मला फिरवायचं काम बहुतेक वेळा तीच करायची. काम झालं की मला फडक्यानं पुसायची आणि टोकाला तेल लावायची. एकदा वाशीमच्या कृषी प्रदर्शनात मला टेबलावर ठेवलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. एका मोठ्या साहेबांनी मला हातात धरून फोटो काढून घेतला. त्यांनी मला उलटं धरलं होतं, पण फोटोत ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मला तेव्हा वाटलं, आपण फार मोठं काम करतोय.

हिरीबाईचं वावर आम्ही पाहिलं ते त्याच सुमारास.

तांड्यावर इंद्रभान आणि फुलसिंग या दोघा भावांची जमीन आहे. थोरला इंद्रभान, धाकटा फुलसिंग. फुलसिंग दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा, होळीनंतर परतायचा आणि मग भावाच्या वावरात राबायचा. हिरीबाई त्याची बायको. ती मागे राहून नाल्याकाठचा तुकडा एकटीनं करायची. तिच्याजवळ ना बैल ना ट्रॅक्टर, म्हणून तिनं नुकतंच नांगरणं सोडून दिलं होतं. सोयाबीन निघालं की कुटार तिथंच पसरायची, तुरीची धसकटं उपटायची नाही, पुढच्या पेरणीला जुन्याच सरीवर टोकून बी लावायची. आपल्याकडे पेरणीआधी वावरातली धसकटं वेचून पेटवतात आणि जमीन लख्ख करतात. न वेचलेलं वावर म्हणजे न झाडलेलं घर. त्यामुळं साऱ्या तांड्यात तिच्या तुकड्याला आळशी बाईचं वावर म्हणायचे.

सर मात्र ते पाहून हरखले. एका बाजूला इंद्रभानचं नांगरलेलं, जाळलेलं, स्वच्छ वावर. मधे धुरा, म्हणजे बांध. दुसऱ्या बाजूला हिरीबाईचं. एकाच बापाची जमीन, एकच माती, फक्त करण्याची रीत वेगळी. "अशी जोडी शोधून सापडत नाही," ते वैभवीला म्हणाले. त्या पहिल्या वेळी हिरीबाईच्या वावरात मला घालायला दोघांना जोर लावावा लागला होता. तिची जमीनही तेव्हा इंद्रभानच्या जमिनीइतकीच टणक होती.

माती काढण्याआधी हिरीबाईनं मला हळद-कुंकू लावलं. सर म्हणाले, "बाई, नमुन्यात कुंकू जाईल," आणि त्यांनी रुमालानं ते पुसून टाकलं. माझ्या आयुष्यात मला मनापासून कोणी पुजलं असेल तर ते तेवढंच, आणि तेही पुसलं गेलं. निघताना सर तिला म्हणाले, "तुम्ही असंच करत राहा. काही बदलू नका. प्रकल्पाच्या शेवटी आम्ही पुन्हा येऊ, माती मोजू आणि तुम्हाला सांगू."

हिरीबाईनं ते वाक्य गाठीशी बांधलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या घरी धाकट्या भावाची बायको नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, थेट बोलत नाही. तोही तिच्याशी बोलत नाही. दोघं एकाच अंगणात समोरासमोर असले तरी बोलणं सासूच्या मार्फत चालतं. सासू सोनीबाई मधे बसलेली असते आणि दोन्हीकडचं ऐकते. फुलसिंग ऊसतोडीवर असताना, आमच्यासमोरच इंद्रभान आईला म्हणाला होता, "माय, तिले सांग. साहेबाच्या तोंडून निघालं का माती सुधरली, तं नाल्याकाठचं वावर तिच्याकडंच राहीन. नाई निघालं, तं मी दोन्ही वावरं एक करून वाहीन. अन् तिनं फुलसिंगसंगं ऊस तोडाले जावं. अर्धं माणूस घरी, अर्धं तिकडं, असा संसार होत असते काय?"

पदर पुढं ओढून हिरीबाई सासूला म्हणाली, "माय, त्यायले सांगा, मले कबूल हाय."

इंद्रभानही काही राक्षस नव्हता. त्याचं बोलणं तसं चुकीचं नव्हतं, म्हणून तर मला राग कोणावर काढावा ते कळत नाही.

नंतरची वर्षं हिरीबाईनं कशी काढली ते मी पाहिलं नाही, वैभवीच्या तोंडून ऐकलं. कोणाचीही शेळी शिरू दिली नाही, उन्हाळ्यात शेजारच्या पेटवलेल्या वावराची ठिणगी येऊ नये म्हणून धुऱ्यावर बसून राहिली, लोकांचं हसणं ऐकून घेतलं. मी तोवर संस्थेच्या कोपऱ्यात इतर वावरांच्या मातीनं माखून पडलो होतो. तेल लावायचं आता कोणाला सुचत नव्हतं.

शेवटी तो मंगळवार आला. गेल्या वर्षी, होळीनंतरचा. हिरीबाई बहिणीच्या मुलीच्या लग्नाला दुसऱ्या तांड्यावर गेली होती आणि मंगळवारी सकाळच्या एसटीनं परतणार होती. सरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणं तिनं घरी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की वावराला हात लावायचा नाही. एकटा फुलसिंग तेवढा घरी नव्हता, तो ऊसतोडीवर होता. त्याला तिनं फोनवर आनंदानं कळवलं होतं, "मंगळवारी साहेब येऊन राह्यले. माहं वावर पाहाले."

फुलसिंग शनिवारीच परत आला.

आमची जीप धुऱ्याशी थांबली. सर उतरले आणि तसेच उभे राहिले. नाल्याकाठचं वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगरलेलं होतं. एक काडी कुठं दिसत नव्हती. मोठाली ढेकळं वर आली होती आणि कोपऱ्यात राखेचा ढीग होता. बाभळीखाली खाट टाकून तिच्यावर नवी सतरंजी अंथरली होती, पाण्याची कळशी भरून ठेवली होती. फुलसिंग धुतलेला सदरा घालून हात जोडून उभा होता.

"हे कोणी केलं?" सरांनी विचारलं.

"मी जी," फुलसिंग आनंदानं म्हणाला. "शनिवारी आलो, पाहतो तं सगळं कुटार अन् धसकटं तशीच. म्हटलं, एरवी ठीक हाय, पण एवढे मोठे साहेब माह्या बायकोचं वावर पाहाले येऊन राह्यले, अन् वावर असं झिपऱ्या सोडल्यावानी? पाहुणे येतात तं आपण अंगण सारवतो ना? मायनं म्हटलं हात लावू नको, पण मले वाटलं तिले बिचारीले एकटीनं झालं नसंन. वेचलं, पेटवलं, दोस्ताचं ट्रॅक्टर आणलं. आता पाहा कसं ताटावानी दिसते."

तेवढ्यात हिरीबाई फाट्यावरून चालत आली. हातात लग्नाची पिशवी होती. तिनं वावराकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. पिशवी खाली ठेवून एका ढेकळावर बसली. फुलसिंगचं हसू तिच्याकडं पाहता पाहता उतरत गेलं. "काहून? काय झालं?" तो विचारत राहिला. त्यानं जे केलं होतं ते जीव लावून केलं होतं, मित्रांनो, आणि म्हणूनच ते पाहवत नव्हतं.

सरांनी वाकून ढेकूळ फोडलं. "खालची माती वर आली आहे. वरचा थर राहिलाच नाही. ही जोडी गेली, वैभवी."

"साहेब, तरी मोजा," हिरीबाई म्हणाली.

"मोजून उपयोग नाही, बाई. आता येईल तो आकडा नांगराचा असेल, तुमचा नसेल."

"मंग पुढच्या सालाले या. मी पुन्हा कुटार टाकतो," हिरीबाई म्हणाली.

"एका सालानं ते भरून येत नाही. आणि प्रकल्प याच महिन्यात संपतो." सरांनी मान खाली घातली होती. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे मी नाकारत नाही.

वैभवी इकडंतिकडं पाहत होती. ती एकदम म्हणाली, "सर, ही पट्टी राहिली आहे. बाभळीमुळं ट्रॅक्टर इथं वळला नाही."

"धुऱ्यालगतचा आणि झाडाखालचा नमुना घेत नाहीत. हे तुला मी सांगायचं का?"

वैभवीनं मला उचललं, त्या पट्टीत उभं केलं आणि मूठ फिरवली.

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला सुखदुःख नसावं. पण त्या दिवशी मी त्या मातीत गेलो तसा कधी कुठल्या मातीत गेलो नाही. याच वावरात दोघांनी अंग टाकलं तरी मी अडत होतो, आणि आता एकटी वैभवी मला सहज फिरवत होती. पहिली खूण गेली, दुसरी खूण गेली. तिनं मला वर ओढलं तेव्हा माझ्या पात्यात काळीभोर, ओलसर, रवाळ माती होती आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर, मानोऱ्याच्या उन्हात! हिरीबाई जागची उठून जवळ आली.

सरांनी ती माती तळहातावर घेतली. बोटांनी चुरली, नाकाशी नेली. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. त्यांना कळलं होतं.

इंद्रभान पुढं आला. "साहेब, सुधरली का माती? हो म्हणा नाई तं नाई म्हणा. मी ऐकाले उभा हावो."

सगळे सरांच्या तोंडाकडं पाहू लागले.

"माझ्याकडं आकडा नाही," सर म्हणाले. "नुसतं डोळ्यांनी पाहून मी काही सांगू शकत नाही. ते शास्त्रात बसत नाही."

मग त्यांनी सवयीनं हात झटकले. ती माती खाली पडली.

मी सरांना वाईट माणूस म्हणणार नाही. ते खोटं बोलले नाहीत, त्यांनी नियम मोडला नाही. धुऱ्याकडच्या मातीवरून साऱ्या वावराचा कर्ब सांगता येत नाही, हेही खरं आहे. पण त्यांना कर्ब कुठं सांगायचा होता? हातातली माती चांगली आहे, एवढंच एक वाक्य बोलायचं होतं. प्रदर्शनात तासभर बोलणाऱ्या माणसाला तेवढं वाक्य जड झालं.

तेव्हा हिरीबाईनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. ती भासऱ्याकडं वळली आणि तोंडावरचा पदर सरकला तरी तिनं तो सावरला नाही. "दादा, तुमी तरी हातात घेऊन पाहा," ती म्हणाली.

इंद्रभान दोन पावलं मागं सरला. त्यानं मान फिरवली आणि सोनीबाईकडं पाहून बोलला, "माय, तिले सांग. साहेबाच्या तोंडून निघालं तं, असं ठरलं होतं. साहेब तं काही बोलले नाई. मी बोलाचा पक्का हावो."

सोनीबाईला ते सुनेला सांगायची गरज पडली नाही.

फुलसिंग खाटेवरची सतरंजी गुंडाळत होता आणि ती त्याच्या हातून पुन्हा पुन्हा उलगडत होती. "मले कोणी सांगतलं असतं तं..." एवढंच तो म्हणत होता. हात लावू नको असं मायनं सांगितलं होतं. पण वावर न झाडणं म्हणजेच त्याची निगा राखणं, ही गोष्ट त्याला पटेल अशा भाषेत आम्ही शिकलेल्यांनी कधी सांगितली नव्हती. आम्ही फक्त म्हणालो होतो, काही बदलू नका.

जीप निघाली. वैभवीनं मागं वळून पाहिलं, पण मला घ्यायचं तिलाही सुचलं नाही. माती सरांच्या हातात देऊन तिनं मला त्या पट्टीत पुन्हा रोवलं होतं, तसाच मी राहिलो. मला वाटलं, उद्या येतील. मग वाटलं, आठवड्यानं येतील. प्रकल्प संपला होता. संपलेल्या प्रकल्पाचं गिरमिट कोणाला हवं असतं?

इंद्रभाननं दोन्ही वावरं एक केली. बाभूळ तोडली. मग ही पट्टीही नांगराखाली घ्यायला ट्रॅक्टर आला, तर मधे मी उभा. इंद्रभान म्हणाला, "ते लोखंड उपटा, फाळाले लागीन." फुलसिंग मला उपटायला पुढं झाला. हिरीबाई थोड्या अंतरावर उभी होती. पदर पुन्हा कपाळावरून खाली आला होता. ती सासूला म्हणाली, "माय, ते राहू द्या म्हणा. शेळी बांधाले कामी येते."

इंद्रभाननं क्षणभर विचार केला आणि ट्रॅक्टरवाल्याला हातानं खूण केली. ट्रॅक्टर मला वळसा घालून गेला.

तिच्याकडं तेव्हा शेळी नव्हती, मित्रांनो. ही शेळी सोनीबाईनं नंतर आणली, सुनेचं बोलणं खोटं पडू नये म्हणून. आणि दिवाळीनंतर फुलसिंगबरोबर हिरीबाईही हातात कोयता घेऊन ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढली.

आता माझ्या अंगाला गंज चढला आहे. गुलाम नबींनी केलेल्या दोन खुणाही धड दिसत नाहीत. मला पुसा, मला तेल लावा, अशी विनवणी मी करणार नाही. अवजाराची काळजी घ्या म्हणून सांगणारी अवजारं पुष्कळ आहेत, त्यांचं ऐका. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यातलं कोणी पुढं शिकेल, जीपमधून येईल, कोणाच्या तरी वावरातून माती नेईल. ती जरूर न्या. पण त्या बाईचं त्या मातीवर काय अवलंबून आहे, ते आधी विचारा. आणि परत येऊन तिला सांगा. आकडा नसला तरी काय पाहिलं ते सांगा.

आणि इकडं येणार असाल तर लवकर या. सगळं वावर उलटलं गेलं, पण ट्रॅक्टर मला वळसा घालतो तेवढी गोल जागा अजून कोणी नांगरलेली नाही. तिथली माती अजून हिरीबाईची आहे. शेळीला थोडं बाजूला करा आणि मला फिरवा. जे निघेल ते हातात घेऊन पाहा, आणि हात झटकू नका. हिरीबाई होळीनंतर परत येते.